पगार एकमेकांना सांगावा का? सांगायचाच, तर नेमकं काय सांगावं?

उंबरठा
एप्रिल ते जून हे वाढीच्या पत्रांचे महिने. पत्र हातात पडलं की कॅन्टीनमध्ये, टपरीवर सगळे एकच प्रश्न आडून आडून विचारतात, "बरी झाली का?" उत्तरही ठरलेलं, "ठीक आहे." आकडा कुणी उच्चारत नाही. बहुतेक खासगी कंपन्यांच्या नियुक्तिपत्रात कलम असतं की वेतनाचा तपशील गोपनीय राहील आणि तो सहकाऱ्यांना सांगितल्यास कारवाई होऊ शकते.

सरकारी नोकरीत हा प्रश्नच येत नाही. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता छापलेला असतो, स्तर आणि नोकरीची वर्षं कळली की मूळ वेतन कुणीही सांगू शकतं. माहिती अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ तर अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावं असं सांगतं. मग खासगीत एवढी गुप्तता का, ती पाळावी का, आणि मोडायची तर कशी, यावर जाणकारांनी लिहावं. एक विनंती, "आमच्या हापिसात असं झालं" छापाचे किस्से नकोत. त्यातून कोण कुठला ते ओळखू येतं. माहिती द्या.

वेतनवही
बोलावं. पण आधी सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा आकडा बाजूला ठेवा. दोन सीटीसींची तुलना करणं म्हणजे एक पोतं बारदानासकट तोलायचं आणि दुसरं बारदान काढून.

दोघांचं सीटीसी १२ लाख धरू. पहिल्याचं मूळ वेतन निम्मं, म्हणजे महिना ५०,०००. मालकाचा पीएफ पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के, वर्षाचे ७२,०००. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, २८,८६०. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून दिला जाणारा भाग, १,२०,०००. आरोग्य विम्याचा हप्ता १२,०००. हे सगळं त्या १२ लाखांच्या पोटातच. उरले ९,६७,१४०, महिन्याला ८०,५९५. त्यातून स्वतःच्या पीएफचे ६,००० आणि व्यवसाय कराचे २०० गेले की हातात ७४,३९५.

दुसऱ्याला व्हेरिएबल नाही. पीएफ कायद्यातल्या १५,००० च्या वेतनमर्यादेवर, म्हणजे मालकाचे महिना १,८००. ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीच्या बाहेर. १२ लाखांतून २१,६०० वजा केले की ११,७८,४००, महिन्याला ९८,२००. त्यातून १,८०० आणि २०० वजा, हातात ९६,२००. नव्या कररचनेत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर दोघांचंही करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं, त्यामुळे प्राप्तिकर दोघांनाही शून्य.

सीटीसी तेच, आणि हातात पडणाऱ्या पैशात महिन्याला २१,८०५ चा फरक. पण हा सगळा फरक म्हणजे अन्याय नव्हे. पहिल्याच्या पीएफ खात्यात महिन्याला ८,४०० जास्त जमा होतात, ते त्याचेच आहेत. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर महिन्यामागे १०,००० परत येतात. राहिले ३,४०५. हे म्हणजे ग्रॅच्युइटी आणि विमा, जे पहिल्याच्या सीटीसीतून घेतले आणि दुसऱ्याला वरून दिले. वर्षाचे ४०,८६०. खरा फरक एवढा, आणि शिवाय व्हेरिएबल पूर्ण मिळेल की नाही ही जोखीम फक्त पहिल्याच्या डोक्यावर.

म्हणून विचारायचं ते असं: ठरलेला वार्षिक पगार किती, त्यात मूळ वेतन किती, पीएफ पूर्ण मूळ वेतनावर की मर्यादेवर, व्हेरिएबल किती टक्के आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात त्यातलं किती हातात आलं, ग्रॅच्युइटी-विमा आत की बाहेर. या पाच उत्तरांशिवाय तुलना करूच नका.

निवडुंग
हिशेब बरोबर आहे, पण माणूस असा वागत नाही. आकडा कानावर पडला की डोक्यात तो आकडाच राहतो, मूळ वेतन आणि ग्रॅच्युइटी नंतर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूत छापून आला होता. पगारांची यादी सार्वजनिक संकेतस्थळावर होतीच, संशोधकांनी काही कर्मचाऱ्यांना फक्त ती कुठे आहे ते कळवलं. आपल्या विभागात मध्यापेक्षा कमी पगार असणाऱ्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. जास्त पगारवाल्यांचं समाधान मात्र काही वाढलं नाही. म्हणजे एकाचं गेलं आणि दुसऱ्याला मिळालं काहीच नाही. रोज शेजारी बसून काम करायचं असतं. अशा माहितीचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट. एकाला वाढवून दिलं की उद्या दहा जण दारात उभे राहणार हे मालकाला कळलं, की तो पहिल्यालाच नाही म्हणतो. वाटाघाटीत चांगला असणाऱ्याचं त्यात नुकसानच आहे.

रानजाई
निवडुंग, दुसरा मुद्दा खरा आहे आणि तो सहसा कुणी मांडत नाही. पगार उघडे असले की मालकही ताठर होतो. पण वाटाघाटीतल्या कौशल्याचा फायदा एकाला मिळतो आणि किंमत बाकीचे मोजतात. त्या बाकीच्यांना ते कळूच नये, हे मला पटत नाही.

पगार ठरवणाऱ्या खात्यात काय चालतं ते सांगते, म्हणजे फरक कुठून येतो ते दिसेल.

प्रत्येक ग्रेडला पगाराचा एक पट्टा असतो. समजा किमान १० लाख, कमाल १६ लाख, मध्य १३ लाख. तुमचा पगार भागिले मध्य, याला कंपा-रेशो म्हणतात. १०.४ लाख असतील तर ०.८०, १४.३ लाख असतील तर १.१०. वार्षिक वाढीचा तक्ता दोन गोष्टींवर चालतो, रेटिंग आणि हा रेशो. जो पट्ट्यात खाली आहे त्याला त्याच रेटिंगला जास्त टक्के.

आता उदाहरण म्हणून खालच्याला १२ टक्के आणि वरच्याला ६ टक्के देऊन बघा. खालचा होतो ११,६४,८००. वरचा होतो १५,१५,८००. आधीचं अंतर ३,९०,०००, नंतरचं ३,५१,०००. दुप्पट टक्के मिळूनही अंतर ३९,००० नीच घटलं. म्हणून टपरीवर "मला बारा टक्के, तुला किती?" या बोलण्यातून काहीच कळत नाही. टक्के सांगणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्याला वाईट, आणि दोघेही चुकीचे ठरतात. पट्ट्यातली जागा विचारा.

एकाच कामाला दोन पगार होण्याची नेहमीची कारणं: कोण कोणत्या वर्षी आलं (२०२१-२२ च्या भरतीच्या लाटेत आलेले आणि २०२३ च्या मंदीत आलेले यांच्यात सरळ फरक दिसतो), कॅम्पसमधून आलं की बाहेरून, आधीच्या पगाराची स्लिप मागून त्यावर ठरावीक टक्के चढवले का, राजीनामा दिल्यावर थांबवण्यासाठी वाढ दिली का. यातलं एकही कारण कामाच्या दर्जाशी जोडलेलं नाही. आधीच्या स्लिपवर टक्के चढवण्याची पद्धत सगळ्यात वाईट, कारण पहिल्या नोकरीत कमी मिळालेलं पुढच्या प्रत्येक नोकरीत सोबत येतं. बाळंतपणानंतर खंड पडलेल्या बायकांना याचा फटका सगळ्यात जास्त बसतो, आणि तो कोणत्याही एका पत्रावर दिसत नाही.

तुमच्या अभ्यासाबद्दल: समाधान घटलं म्हणजे माहिती वाईट होती असं नाही. कमी पगार आधीपासूनच होता. दिसला उशिरा.

काजवा
+१. पण बोलायची सुरुवात कशी करायची? "तुला किती मिळतात" असं तोंडावर विचारणं जमत नाही, आणि समोरचाही अवघडतो.

रानजाई
आधी आपलं सांगायचं, मग विचारायचं. आणि माणसाबद्दल नाही, जागेबद्दल विचारायचं. "आपल्या ग्रेडला बाहेरून येणाऱ्याला सध्या किती देतात असं तुला वाटतं? मी साधारण अकरा-साडेअकराच्या घरात आहे." एवढं बोलून थांबा. समोरच्याला सांगायचं असेल तर तो सांगेल, नसेल तर "मलाही कल्पना नाही" म्हणायची वाट मोकळी राहते. ती वाट ठेवणं गरजेचं आहे. नको म्हणणाऱ्याला परत विचारू नये.

कंपनी सोडून गेलेल्यांशी बोलणं सगळ्यात सोपं. त्यांना लपवण्याची फारशी गरज उरत नाही, आणि तुमच्याच ग्रेडमधून ते बाहेर कितीवर गेले हेही कळतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. पेरोल, एचआर, वित्त विभाग किंवा मॅनेजर म्हणून ज्यांना इतरांचे पगार दिसतात त्यांनी ते सांगू नयेत. स्वतःचा पगार ही स्वतःची माहिती. दुसऱ्याचा पगार कामाच्या निमित्ताने समोर आला असेल तर ती त्याची माहिती आहे. त्याचप्रमाणे "अमुकने मला सांगितलं" म्हणून तिसऱ्याला सांगणंही नको. बोलण्यातून जे तंटे होतात त्यातले बरेचसे या तिसऱ्या माणसामुळे होतात.

कलमनवीस
नियुक्तिपत्रातल्या कलमाबद्दल. आपल्याकडे खासगी नोकरदाराला सहकाऱ्याशी पगाराबद्दल बोलण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत देणारी तरतूद नाही. संविधानातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे, खासगी मालकाविरुद्ध त्याचा आधार सहजासहजी मिळत नाही. म्हणून सही करण्याआधी त्या कलमाची भाषा नीट वाचा. "तिसऱ्या पक्षाला" सांगू नये असं लिहिलंय की "इतर कर्मचाऱ्यांना"? दोन्हींत फरक आहे. पहिल्यात मुळात स्पर्धक आणि बाहेरचे लोक अभिप्रेत असतात, सहकारी तिसरा पक्ष आहे की नाही यावर वाद घालता येतो. दुसऱ्यात तशी जागा नाही.

पण एक बाजू दुर्लक्षित राहते. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथांची यादी होती, आणि आता औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत ती आहे. त्यात सामूहिक वाटाघाटीसाठी किंवा परस्परांच्या मदतीसाठी, संरक्षणासाठी कामगारांनी मिळून केलेल्या कृतीत अडथळा आणणं ही अनुचित प्रथा मानली आहे. पगार एकमेकांना सांगितल्याशिवाय वेतनाची वाटाघाट होणार कशी? मात्र याचा आधार "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यालाच. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे बाहेर, देखरेखीचं काम करणारे महिना १८,००० च्या वर पगार असेल तर बाहेर. तांत्रिक काम करणारा मात्र पगार कितीही असला तरी आत येऊ शकतो. पदनामात "मॅनेजर" लिहिलं म्हणून माणूस व्यवस्थापक होत नाही, प्रत्यक्ष काम काय ते पाहिलं जातं.

आणि बायकांच्या बाबतीत तर पगार माहीत असणं ही हक्काची पहिली पायरी आहे. समान कामाला समान वेतन हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आता वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा यांचा खटला वाचा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८७ चा. त्या स्टेनोग्राफर होत्या. त्याच कंपनीतल्या पुरुष स्टेनोग्राफरांची वेतनश्रेणी वेगळी होती. कंपनीचं म्हणणं असं, की साहेबांना जोडून दिलेल्या स्त्री-स्टेनोग्राफर हा वेगळा वर्ग, आणि वेतन युनियनशी झालेल्या करारातून ठरलंय. न्यायालयाने दोन्ही बाजूला सारलं. कंपनीला परवडत नाही हे कारणही चाललं नाही. पण हे सगळं लढता आलं ते पुरुषांची वेतनश्रेणी समोर होती म्हणून. तुलनेचा पुरुष आणि त्याचा आकडा नसेल तर दावा उभाच राहत नाही.

निवडुंग
हा मुद्दा मान्य. पण कागदावर कारवाई होत नाही, रेटिंगमध्ये होते. ते सिद्ध कसं करणार?

कलमनवीस
अवघड आहे, खोटं कशाला सांगू. एवढंच करता येतं, की मॅनेजरशी बोलताना सहकाऱ्याचं नाव किंवा आकडा तोंडातून काढायचाच नाही. म्हणजे कलमभंगाचा पुरावा तुम्ही स्वतःच देत नाही. आणि बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींची ईमेल टाकायची. पुढे रेटिंग घसरलं तर निदान तारखांचा क्रम तुमच्याकडे राहतो.

सातासमुद्रापार
अमेरिकेत चित्र वेगळं आहे. इथे आलेल्या मराठी मंडळींना ते बरेचदा माहीत नसतं म्हणून लिहितो. १९३५ च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याच्या सातव्या कलमाखाली खासगी क्षेत्रातल्या बहुतेक नोकरदारांना सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोलण्याचा हक्क आहे, युनियन असो वा नसो. त्यावर सरसकट बंदी घालणारा नियम कंपनीला करता येत नाही. सुपरवायझर मात्र या संरक्षणाबाहेर.

एच-१बी वर असाल तर आणखी सोपं. तुमच्यासाठी कंपनी जो श्रम-अर्ज भरते, ज्याला सगळे एलसीए म्हणतात, त्यात पगार आणि त्या भागातला प्रचलित दर लिहिलेला असतो. त्याची सूचना कामाच्या जागी दोन ठिकाणी १० दिवस लावावी लागते, किंवा तिथल्या कर्मचाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यावी लागते. कागदांची फाइल कुणालाही पाहता येईल अशी ठेवावी लागते, आणि श्रम विभाग या अर्जांची माहिती वेळोवेळी प्रसिद्ध करतो. कंपनी, पद, शहर, पगार, दर्जा १ ते ४ (१ म्हणजे नवखा), सगळं त्यात असतं. तुमच्या पदासाठी कंपनीने दर्जा १ लावलाय आणि काम ज्येष्ठाचं घेतायत का, हे तिथे दिसतं. एक सावधगिरी, त्यातला पगार हा बहुधा मूळ पगार असतो. बोनस आणि शेअर त्यात नसतात.

गुप्ततेची किंमत किती असते त्याचं इथलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे लिली लेडबेटर. अलाबामातल्या टायर कारखान्यात सुपरवायझर होत्या. त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांना जास्त मिळतं हे त्यांना कळलं ते कुणीतरी ठेवलेल्या निनावी चिठ्ठीतून, निवृत्तीच्या तोंडावर. २००७ साली सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी त्या हरल्या, कारण तक्रारीची १८० दिवसांची मुदत पगाराचा मूळ निर्णय झाला तेव्हापासून मोजली. म्हणजे जे त्यांना माहीतच नव्हतं त्याची मुदत संपलेली. २००९ साली संसदेने कायदा बदलला आणि प्रत्येक कमी पगाराच्या चेकपासून मुदत नव्याने मोजली जाऊ लागली.

उंबरठा
धन्यवाद, भरपूर मिळालं. समजा आठ-दहा जण मिळून एक निनावी तक्ता करायचा म्हणत असतील, तर गूगल फॉर्म पुरेसा निनावी असतो का?

टिपकागद
नसतो, नीट न केल्यास. चुका नेहमी त्याच होतात, म्हणून क्रमाने सांगतो.

कंपनीच्या खात्यातून फॉर्म करू नका. त्या खात्याचा ॲडमिन कंपनीचा असतो. वैयक्तिक खात्यातून करा आणि लिंकही ऑफिसच्या चॅटवर किंवा ईमेलवर टाकू नका. तिथला मजकूर तुम्ही डिलीट केला तरी कंपनीच्या नोंदीत राहू शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर उघडूच नका.

सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद करा. "एकदाच उत्तर" हा पर्यायही बंद ठेवा, तो चालू असला की साइन-इन करावं लागतं आणि लोक बिचकून फॉर्म सोडून देतात.

सगळ्यात मोठी गळती इथे होते: उत्तरांच्या तक्त्यात पहिला रकाना वेळेचा असतो. ग्रुपवर ४ वाजून १० मिनिटांनी कुणी "भरला" असं लिहिलं आणि तक्त्यात ४ वाजून ९ मिनिटांची ओळ आहे, संपलं. म्हणून मूळ तक्ता कुणालाही द्यायचा नाही. वेळेचा रकाना काढून, ओळींचा क्रम बदलून, नुसत्या किमती नव्या फाइलमध्ये चिकटवून तीच वाटायची. मूळ तक्त्यातून रकाना डिलीट केला तरी आवृत्तींच्या इतिहासात तो सापडतो, हे लक्षात ठेवा. आणि सगळ्यांना संपादनाचा हक्क देऊन एकच तक्ता भरायला लावणं तर सपशेल चूक. कोणता चौकोन कुणी भरला ते त्यात उघड दिसतं.

प्रश्न कमी ठेवा. नेमका आकडा विचारू नका, ५०,००० च्या टप्प्यांत विचारा: ११ ते ११.५, ११.५ ते १२ असं. अनुभव तीन-तीन वर्षांच्या गटात. ग्रेड, कॅम्पस की बाहेरून, व्हेरिएबल किती टक्के. स्त्री की पुरुष हे विचारायचं असेल तर आधी मोजा. टीममध्ये त्या ग्रेडची एकच बाई असेल तर तो रकाना म्हणजे तिचं नाव लिहिण्यासारखंच आहे. कोणत्याही गटात पाचपेक्षा कमी जण असतील तर तो गट शेजारच्या गटात मिळवा.

आठ-दहा जणांत खरं सांगायचं तर सरासरीला काही अर्थ नाही. मध्य काढा, म्हणजे चढत्या क्रमाने लावून मधला. सरासरी काढली तर एका मोठ्या पगारवाल्यामुळे बाकीचे सगळे "कमी" दिसतात.

वेतनवही
टिपकागद यांच्या यादीत एक भर. सॅलरी स्लिपचा फोटो कधीही पाठवू नका, "विश्वास नसेल तर बघ" म्हणूनसुद्धा नाही. त्यावर पॅन, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), बँक खातं, कर्मचारी क्रमांक सगळं असतं. शिवाय स्लिपवरचा निव्वळ पगार तुलनेला निरुपयोगी. त्यातून कुणाचा ऐच्छिक पीएफ कापला जातो, कुणाची गाडी भाडेकरारावर असते, कुणी जुनी कररचना घेतलेली असते, कुणाची रात्रपाळी त्यात मिळवलेली असते. जॉइनिंग बोनस तर वेगळाच विचारायचा. तो एकदाच मिळतो आणि बहुधा वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो. नव्या सहकाऱ्याने "चौदा" सांगितले त्यात दीड लाख जॉइनिंग बोनस असेल तर त्याचे साडेबाराच आहेत, आणि पुढच्या वर्षी त्यालाही तसंच वाटणार आहे.

कलमनवीस
शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत असाल तर कुणालाही न विचारता बरंच कळतं. वार्षिक अहवालात संचालक मंडळाच्या अहवालाची परिशिष्टं बघा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ (१२) नुसार संचालकांचं वेतन कर्मचाऱ्यांच्या मध्य वेतनाच्या किती पट आहे ते द्यावं लागतं, आणि त्या वर्षी मध्य वेतन किती टक्क्यांनी वाढलं तेही. पहिल्या १,००० नोंदलेल्या कंपन्यांना व्यवसाय जबाबदारीचा जो अहवाल द्यावा लागतो, त्यातल्या पाचव्या तत्त्वाखाली पुरुष आणि स्त्री कर्मचाऱ्यांचं मध्य वेतन वेगवेगळं दिलेलं असतं. पण सगळ्या ग्रेड त्यात एकत्र असतात. बायकांचा आकडा कमी दिसला तर वरच्या जागांवर त्या कमी आहेत हेही कारण असू शकतं. समान कामाला कमी वेतन दिल्याचा तो पुरावा होत नाही, प्रश्न विचारायला मात्र पुरेसा आहे.

काजवा
आणि आकडे जमले, फरक दिसला, मग? मॅनेजरसमोर काय म्हणायचं?

रानजाई
वेळ आधी. एप्रिलची वाढ असेल तर पैशाचं वाटप फेब्रुवारी-मार्चमध्ये पक्कं होतं. पत्र हातात आल्यावर मॅनेजरच्या हातात काही उरत नाही, तो सहानुभूती दाखवतो आणि पुढच्या वर्षाचं बोलतो. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीत बोला.

शब्द असे: "माझ्या ग्रेडच्या पट्ट्याचा मध्य किती आहे आणि मी त्याच्या किती खाली आहे हे मला समजून घ्यायचंय. बाजारातला दर बघता मी खाली आहे असं दिसतं. मध्यापर्यंत पगारवाढीच्या किती फेऱ्यांत पोहोचता येईल, आणि त्यासाठी पगार-दुरुस्तीचा प्रस्ताव तुम्ही पाठवू शकाल का?" यात "दुरुस्ती" हा शब्द महत्त्वाचा. वार्षिक वाढ आणि करेक्शन यांचे पैसे बऱ्याच ठिकाणी वेगळ्या खिशातून येतात. वाढ मागितली तर टीमच्या वाटणीतून द्यावी लागते, म्हणजे दुसऱ्याचं कापून. दुरुस्ती मागितली तर मॅनेजरला वरून वेगळी मंजुरी घेता येते. त्यालाही ते सोपं जातं.

"त्याला जास्त मिळतात" हे वाक्य मात्र नको. ते उच्चारलं की विषय तुमच्या पगाराचा राहत नाही, तुम्हाला कुणी सांगितलं याचा होतो.

भोसरीकर
सगळी चर्चा लॅपटॉपवाल्यांची चालली आहे. बोलण्याची खरी गरज ठेक्यावरच्या कामगाराला आहे, आणि तिथे नैतिक-अनैतिक हा प्रश्नच उरत नाही.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात एकाच लाइनवर तीन ठेकेदारांची माणसं उभी असतात. काम तेच, मशीन तेच, हातात पडणारे पैसे तीन. कारण कापणीत असतं. मूळ आणि विशेष भत्ता मिळून १५,००० आणि एकूण १८,००० धरा. कामगाराचा पीएफ १२ टक्के, १,८००. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, ०.७५ टक्के, १३५. नेहमीची कायदेशीर कापणी एवढीच, वर व्यवसाय कर. मालकाच्या बाजूने पीएफ, विमा आणि प्रशासन खर्च मिळून १३ टक्के, १,९५०. ईएसआय ३.२५ टक्के, ५८५. हे २,५३५ ठेकेदाराने स्वतःच्या खिशातून भरायचे. काही ठेकेदार हेही मजुरीतूनच कापतात आणि विचारलं तर "पीएफ गेला" एवढंच सांगतात. कामगाराला वाटतं सगळ्यांचाच जातो. शेजारच्या ठेकेदाराच्या माणसाशी बोलल्यावरच कळतं की पीएफपायी त्याचे १,८०० जातात आणि आपले ३,७५०.

वेतनवही
महत्त्वाचा मुद्दा. सीटीसीत मालकाचा हिस्सा दाखवणं ही नोकरी देतानाची मांडणी झाली. ठरलेल्या मजुरीतून तो कापणं बेकायदा आहे. दोन्ही एकच समजू नयेत.

उंबरठा
पण ठेकेदार स्लिपच देत नसेल तर तुलना कशाशी करायची?

भोसरीकर
स्लिप मागायचीच, ती देणं बंधनकारक आहे. मिळेपर्यंत तीन गोष्टी एकमेकांसमोर ठेवा.

पहिली, किमान वेतनाचा दर. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, आणि दर उद्योग, परिमंडळ आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल यावर ठरतो. जुलै उलटल्यावर दोघांपैकी एकाची मजुरी वाढली आणि दुसऱ्याची नाही, तर दुसऱ्याच्या ठेकेदाराने नवा भत्ता लावलेला नाही. हजेरी कार्डावर तुम्हाला "हेल्पर" लिहून मशीन चालवायला लावलंय का, तेही बघा.

दुसरी, ओव्हरटाइम. दर दुप्पट हवा. रोजची मजुरी काढताना महिन्याची रक्कम २६ ने भागायची. ३० ने भागली की दर तासाला कमी पडतो आणि ते लगेच ध्यानात येत नाही. १८,००० ला २६ ने भागलं तर ६९२, ३० ने भागलं तर ६००.

तिसरी, पीएफचं पासबुक, उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या संकेतस्थळावर. यूएएन ला मोबाइल जोडलेला लागतो, तो नंबर ठेकेदाराचा नाही ना हे आधी तपासा. मग दोघांच्या पासबुकातली एकाच महिन्याची ओळ शेजारी ठेवा. ज्या वेतनावर पीएफ भरला तो आकडा त्यात लिहिलेला असतो. तो दोघांचा वेगळा असेल तर हजेरीचे दिवस मोजा. दिवसही सारखेच असतील, तर फरक ठेकेदाराच्या वहीत आहे. त्या दोन ओळींचे कागद घेऊन दोघांनी मिळून पीएफ कार्यालयात जायचं.